मंगल कार्यालयातली कोठी

मेळाव्याचा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. माझ्या थोरल्या चुलतभावानं टाकला होता. मे महिन्यात, शाळांना सुट्ट्या लागल्या की, देगलूरला आपल्या सगळ्या घराण्याचा मेळावा घ्यायचा. पुण्याचे, हैदराबादचे, नांदेडचे, जे जे आपले म्हणवतात त्यांनी यायचं. खाली जागेचं नाव होतं. ते वाचलं आणि तव्यावरची पोळी करपली. त्याच मंगल कार्यालयात माझं लग्न लागलं होतं.

पाठोपाठ दुसरा निरोप आला. ‘सूत्रसंचालन आपली ताई करील. शाळेत शिकवते, आवाजही चांगला आहे.’

मी पिठाच्या हातानंच उत्तर लिहिलं, ‘करते की, दादा.’

आई उंबऱ्याजवळ भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. ती माझ्याकडेच, नांदेडला राहते. तिनं विचारलं, “काय म्हणून राहिलेत?”

मी सांगितलं. ती म्हणाली, “जाऊ की. लई दिस झाले, समदे एका जागी भेटले न्हाईत.”

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. जागेचं नाव मी मुद्दाम दोनदा सांगितलं, तरी तिनं मान वर केली नाही. शेंगा फुटत राहिल्या. मला मात्र तेव्हाच कळलं होतं की माइक हातात आला की मी काय करणार आहे.

माझे वडील मी दुसरीत असताना काविळीनं गेले. आम्ही तेव्हा देगलूरजवळच्या गावी, थोरल्या काकांच्या घरात एकत्र राहत होतो. काका अबोल माणूस. घर चालवायची ती काकांची बायको. तिला आम्ही सगळी मुलं मोठीआई म्हणायचो. आजही तिच्यासाठी दुसरा शब्द माझ्या तोंडात येत नाही, याचाही मला राग येतो.

वडील गेल्यावर वर्षभरात आईला मुदखेडला अंगणवाडीत काम मिळालं आणि आम्ही दोघी तिकडं गेलो. मोठीआईनं आम्हाला हाकललं नाही. ज्वारीचं पोतं दरवर्षी यायचं, दिवाळीला बोलावणं यायचं. बोलावणं आलं की आम्ही जायचो आणि आई पदर खोचून चुलीपुढं बसायची. ओवाळायची वेळ झाली की मोठीआई म्हणायची, “धाकले, तू जरा भजे बघ.” इतकंच. आवाज चढवून नाही, अगदी साधेपणानं. आई भजे बघायला जायची. लहानपणी मला वाटायचं, आईला भजे फार चांगले जमतात म्हणून तिला सारखं पाठवतात.

खरं काय ते कळलं माझ्या लग्नात.

लग्न देगलूरला करायचं काकांनी ठरवलं. आईनं त्या दिवसासाठी फिकट गुलाबी साडी घेतली होती. नांदेडला जाऊन, चार दुकानं हिंडून. सकाळी ती साडी नेसून नवरीच्या खोलीत आली. मी पिवळ्या साडीत बसले होते, कुणीतरी मुंडावळ्या बांधत होतं. मोठीआई आत आली. हिरवी पैठणी, नाकात नथ, गजरा. तिनं आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“धाकले, तू कोठीत बस. सामान बघायला कुणी न्हाई. आणि हे बघ, पाव्हण्यांनीच सांगितलंय, विधवा बाई पुढं नको म्हणून. पोरीचं बरं व्हावं असं वाटतं ना तुला?”

मी म्हणाले, “मोठीआई, मला आई पाहिजे इथं.”

“नवरीनं बोलू न्हाई,” ती म्हणाली आणि माझी मुंडावळी सरळ केली.

आई कोठीत गेली. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, कन्यादानाला काका आणि मोठीआई बसले. फोटोवाला “आई-वडील जवळ या” म्हणाला, की तेच दोघं जवळ येत होते. माझ्या लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये माझी आई नाही.

निघायच्या वेळी मी हट्ट धरला आणि कोठीत गेले. कार्यालयाची सामान ठेवायची खोली ती. कांद्याची पोती, साखर, तेलाचे डबे, वर एक पिवळा दिवा. आई एका पालथ्या भगुण्यावर बसली होती. दाराच्या आतल्या बाजूला, उंबऱ्यालगत, अक्षता पडलेल्या. मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले.

आई म्हणाली, “भिंतीपल्याडून ऐकू येऊन राहिलं व्हतं की. सावधान म्हणले की म्या दारावर टाकायचे.”

आणि हसली. ती हसली नसती तर कदाचित मी पुढं विसरले असते. रडली असती तर गळ्यात पडून दोघी रडलो असतो आणि ते तिथंच संपलं असतं. पण ती हसली, आणि ते हसू घेऊन मी सासरी गेले.

वर्षभरानं एका दुपारी सासूबाई पापड लाटता लाटता म्हणाल्या, “तुमच्या आईला नेमका लग्नाच्याच दिवशी ताप यावा! आम्हाला लई हळहळ वाटली.”

मी लाटणं खाली ठेवलं. “कुणी सांगितलं ताप होता म्हणून?”

“तुमच्या मोठ्या आईनंच की. आम्ही दोनदा विचारलं, विहीणबाई कुठं हायत म्हणून.”

म्हणजे पाहुण्यांनी काही अट घातलीच नव्हती. उलट ते तिला शोधत होते. मोठीआईनं आईला पाहुण्यांचं नाव सांगितलं आणि पाहुण्यांना तापाचं. कशासाठी? कन्यादानाला तिला बसायचं होतं, एवढंच मला सुचतं. तिला मुलगी नव्हती.

त्यानंतर मी माझ्या परीनं सूड घेत राहिले, पण ते सगळे पोरकट सूड होते. तिच्या पाया पडायचं टाळलं. माझ्या मुलीच्या बारशाला सगळ्यांना आहेर केले आणि तिला साडी दिली ती निवडून निवडून भडक रंगाची, जी ती कधीच नेसणार नाही अशी. ती तीच साडी नेसून पुढच्या कार्याला आली आणि सगळ्यांना सांगत सुटली, माझ्या लेकीनं घेतली. असल्या माणसाचं काय करायचं? तिला लागतच नव्हतं.

मग काका गेले. मी तिकडं गेले तेव्हा मनात दुःख होतं, काका मला आवडायचे. पण खरं सांगते, त्याहून मोठी दुसरी गोष्ट मनात होती. मला मोठीआईला बघायचं होतं. आता तिचं कपाळ रिकामं होईल, आता तिला कळेल, एवढं एकच डोक्यात घेऊन मी मुद्दाम पुढच्या रांगेत उभी राहिले.

तसं काही झालं नाही. बायका पुढं सरकल्या तसा चुलतभाऊ आडवा झाला. “आमच्या घरात असलं काही होणार नाही. माझ्या आईचं कुंकू कुणी पुसायचं नाही. काळ बदललाय.” दहाव्याला त्यानं त्यावर छोटं भाषणही केलं. लोकांचे डोळे भरून आले. त्याच्या मित्रानं ते सगळं लिहून मोबाइलवर फिरवलं आणि घराण्याचं नाव झालं. पुढच्या संक्रांतीला मोठीआई टिकली लावून, सगळ्यांच्या मधोमध खुर्चीवर बसून हळदी-कुंकू घेत होती. आई त्या फोटोत नव्हती. आई मुदखेडच्या त्या काळापासून हळदी-कुंकवाला जातच नाही.

मला मोठीआईचं कुंकू खटकलं असं कुणी समजू नये. कुणाचंच पुसू नये. पण तो नियम मग कुणासाठी होता? एका बाईसाठी. आणि ती बाई कोठीतून बाहेर आली तरी कुणी तिला म्हणालं नाही, की बाई, तेव्हा आमचं चुकलं. काळ बदलला म्हणाले आणि मोकळे झाले. आपल्या दारात आल्यावरच बरा बदलतो यांचा काळ.

त्या उन्हाळ्यात मी भांडी घासताना, वह्या तपासताना, गच्चीवर कुरडया वाळत घालताना मनातल्या मनात भाषण घोकत होते. सुरुवात गोड ठेवायची. आवाज चढवायचा नाही. रडायचं तर मुळीच नाही. शाळेत मी इतक्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन केलं आहे, की माइकवर उभं राहिलं की लोक आपोआप गप्प बसतात, हे मला माहीत होतं. आईला मी काही सांगितलं नाही. तिनं नको म्हटलं असतं, आणि मला तिचं नको ऐकायचं नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघीच निघालो. नवऱ्याला महावितरणची ड्युटी होती, मुलीची शिकवणी होती. खरं म्हणजे मीच त्यांना येऊ दिलं नाही. नरसी गाव मागं पडेपर्यंत खिडकीतून झळा येऊ लागल्या. आईनं दस्ती ओली करून डोक्यावर ठेवली. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, कुठं चिटपाखरू नाही. आई म्हणाली, “अक्काला गुडघ्याचा लई तरास हाय म्हणे.” ती मोठीआईला अक्का म्हणते. मी बाहेर बघत राहिले.

कार्यालय ओळखू येत नव्हतं. टाइल्स बसवल्या होत्या, मोठाले कूलर घरघरत होते, स्टेज वाढवलेलं. दारात मोठीआईचा मोठा फोटो छापलेलं बॅनर. त्याखाली लिहिलं होतं, ‘आम्हा सर्वांची आई’. मी ते बॅनर वाचलं आणि जी काही थोडी धाकधूक होती तीही गेली.

मोठीआई दारातच खुर्चीवर बसली होती. मी तिला दोन वर्षांनी बघत होते. ती आटली होती. पैठणी अंगावर मोठी वाटत होती, हात कापत होते, हातात काठी. मला बघून तिनं दोन्ही हात पुढं केले. “आली का गं माझी बाई? ये माय.” आणि माझे गाल कुरवाळले. तिच्या हाताला निलगिरीच्या तेलाचा वास होता.

मला ते मुळीच आवडलं नाही. मला ती दांडगी हवी होती. नथ घातलेली, मान ताठ असलेली. जिच्याशी इतकी वर्षं मनात भांडत आले ती बाई मला उभी हवी होती, आणि इथं खुर्चीत एक म्हातारी बसलेली. क्षणभर मी डळमळले. तेवढ्यात ती माझ्यामागं उभ्या असलेल्या आईला म्हणाली, “धाकले, तू आलीस व्हय? बरं झालं. आत जरा येसर बघ गं. ह्या आचाऱ्याला आपला मसाला कळंना.”

आई पिशवी माझ्याकडं देऊन निघालीच होती. मी तिचा दंड धरला. “आई आज काही बघणार नाही. ती पुढच्या रांगेत बसणार आहे.”

मोठीआई हसली. “बस माय, बस. मी कुठं न्हाई म्हणले.”

कार्यक्रम सुरू झाला. हॉल भरला होता. मी सगळ्यांचं स्वागत केलं, दोन विनोद केले, हैदराबादहून आलेल्यांना तेलुगूत जेवण झालं का विचारलं. टाळ्या पडल्या. चुलतभाऊ खुश होऊन मान डोलवत होता. मग कागदावर पुढचं आलं. दीपप्रज्वलन, कुटुंबातील ज्येष्ठ, मोठीआईच्या हस्ते. वहिनीनं समई पुसून तयार ठेवली होती. दोन सुना मोठीआईला धरून स्टेजवर आणायला उठल्या.

मी म्हणाले, “एक मिनिट.”

सगळे थांबले.

“दिवा लावण्याआधी मला घराण्याची एक रीत सांगायची आहे. नव्या पिढीला माहीत नसेल. ज्या बाईचा नवरा नाही तिनं शुभकार्यात पुढं यायचं नाही. तिनं कोठीत बसायचं. ही रीत मला मोठीआईनंच शिकवली. याच कार्यालयात, माझ्या लग्नात. माझी आई तिकडं, त्या दाराआड, कांद्याच्या पोत्यांजवळ बसली होती आणि दारावर अक्षता टाकत होती.”

मी हातानं दार दाखवलं. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या.

चुलतभाऊ उठला. “ताई, हे काय? हे आत्ता इथं...”

“दादा, काका गेले तेव्हा तू सगळ्यांसमोर बोललास. मीपण सगळ्यांसमोरच बोलते आहे.”

मोठीआई दोन सुनांच्या मधे उभी होती. ती मोठ्यानं म्हणाली, “काहीबी काय बोलून राहिली? धाकलीला ताप व्हता त्या दिवशी.”

तिच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. इतक्या वेळा सांगून तिला ते खरं वाटायला लागलं असेल. पण मी त्याचीच वाट बघत होते. पुढच्या रांगेत बसलेल्या आईकडं वळून मी माइकवरूनच विचारलं, “आई, ताप होता का गं तुला?”

आई मांडीवर हात ठेवून बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, मोठीआईकडंही नाही. मग हळू म्हणाली, पण पहिल्या चार रांगांना ऐकू गेलं, “न्हवता. मला बाहीर यायचं व्हतं.”

कुणीतरी मागं “अरेरे” म्हणालं.

मी मोठीआईला म्हणाले, “तर आता तुम्हीच सांगा. ती रीत खरी असेल, तर आज तुम्ही कोठीत बसायचं. आणि ती रीत खोटी असेल, तर इथं माइकवर या, माझ्या आईला सांगा की चुकलं, आणि मग खुशाल दिवा लावा. दोन्हीतलं एक.”

हे वाक्य मी महिनाभर घासूनपुसून ठेवलं होतं. मला खात्री होती ती रडेल. माफी मागेल. लोक हळहळतील, आई उठून तिचा हात धरेल, आणि मी माइक खाली ठेवीन. मनात मी ते असंच पाहिलं होतं.

मोठीआईनं सुनांचे हात झटकले. काठी टेकत वळली. एक एक पाऊल टाकत सगळ्या रांगांच्या मधून गेली, कोठीचं दार ढकललं आणि आत गेली. एकदाही मागं बघितलं नाही.

कुणाला काय करावं कळेना. चुलतभाऊ धावत गेला, तिनं आतून त्याला घालवून दिलं. “बसू दे मला. माझी मी बसले.” मी आईला दिवा लावायला बोलावलं. ती मान हलवून नको म्हणाली. शेवटी चुलतभावानंच येऊन काडी ओढली आणि वाती पेटवल्या. माइक माझ्या हातून घेतला आणि माइकवरूनच म्हणाला, “चला, जेवायला बसा.”

लोक जेवायला बसले. मी कोठीत गेले. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं, लपवत नाही. आता तिथं एक मोठा फ्रीज होता, पांढरी ट्यूब होती, पण पोती होती. ती तांदळाच्या पोत्यावर बसली होती, पाय लांब करून, गुडघा चोळत.

“बघायला आलीस?”

“हाव,” मी म्हणाले.

“बघ मग.”

“मला तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.”

“काय?”

“चुकलं म्हणून.”

तिनं वर बघितलं. आता ती मला ओळखीची वाटली, तीच जुनी मान. “तुला कशाला म्हणू? तुला कुठं बसवलं व्हतं म्या कोठीत? तू तर मांडवात व्हतीस. नवी साडी, दागिने, समदं केलं तुझं.”

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. कडी लावली नाही. पण हात कडीपर्यंत गेला होता.

जेवणाच्या हॉलमध्ये आईभोवती बायका जमल्या होत्या. पुण्याच्या एका सुनेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. कुणी म्हणत होतं, “किती सोसलं हो तुम्ही.” कुणी म्हणत होतं, “आम्हाला माहीतच नव्हतं.” आईच्या ताटात रस तसाच होता, वरण-भात कालवून ठेवलेला. ती मान खाली घालून हाव हाव म्हणत होती. मी लांबून बघितलं आणि मला बरं वाटलं. अखेर तिला लोक बघत होते. वहिनी वाढता वाढता माझ्याजवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, “चांगलं केलंत. मलाही लई ऐकवलंय त्यांनी.” चुलतभावानं मात्र माझ्याकडं पाठ फिरवली, ती आजतागायत तशीच आहे.

मोठीआई आम्ही निघेपर्यंत कोठीतून बाहेर आली नाही. तिला ताट कुणी नेलं की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली. नरसीपर्यंत तिनं डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं दमली असेल. मी म्हणाले, “झालं बघ एकदाचं.”

“काय झालं?”

“तिला कळलं.”

आई म्हणाली, “तिला ठावंच व्हतं. आता समद्यांला कळलं. माझ्या सुनांसारख्या पोरी, त्यांला काय ठाव व्हतं? त्यांच्यात म्या चांगली काकू व्हते. आता कोठीत बसलेली झाले.”

“तुझ्यासाठीच केलं ना मी!”

“म्या कधी म्हणले कर म्हणून?” तिनं दस्तीनं तोंड पुसलं. “भांडण माझं व्हतं बाई. माझं मला करू द्यायचं व्हतंस. न्हाई तर सोडून देऊ द्यायचं व्हतंस.”

मी नांदेड येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. मला तिचाही राग आला होता. घरी आल्यावर तिनं साडी घडी करून ठेवली, तांदूळ निवडायला घेतले. मी गच्चीवर जाऊन उगाच सगळे वाळलेले कपडे परत धुऊन पिळले.

ग्रुपवर त्या आठवड्यात कुणी काही टाकलं नाही. मग एकेक फोटो येऊ लागले. जेवणाचे, मुलांचे, ग्रुप फोटो. त्यांत मी कुठंच नव्हते. आई होती, एका कडेला. काही दिवसांनी चुलतभावानं मला ग्रुपमधून काढून टाकलं. आईला ठेवलं. आईला साधाच फोन वापरता येतो, ग्रुप तिच्या नावानं माझ्याच मुलीच्या मोबाइलवर आहे, हे त्याला माहीत नसावं.

जून सुरू झाला, शाळा भरल्या. एका संध्याकाळी मी दप्तर ठेवत होते, आईचा फोन वाजला. आईनं घेतला. “हॅलो” म्हणाली. मग उठून अंगणात गेली. बराच वेळ बोलत होती. आत आली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा वेगळाच.

“कोण होतं?”

“अक्का.”

मी दप्तर तसंच धरून उभी राहिले. “काय म्हणाली?”

“ते आमचं आमचं.”

“माफी मागितली का?”

“आमचं आमचं म्हणले ना.”

मी तिला चहा करून दिला, गोड बोलून विचारलं, चिडून विचारलं. तिनं सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही. त्यानंतर फोन येतच राहिले. कधी मोठीआईचा, कधी आईच स्वतः लावते. गुडघ्याला कोणतं तेल चांगलं, मुदखेडला आता कोणतं दुकान राहिलं, माझे वडील लहानपणी विहिरीत पोहायला जायचे तेव्हा त्यांना कोण मारायचं. एकदा मी स्वयंपाकघरातून ऐकलं, आई फोनवर हसत होती. मोठ्यानं, तोंडावर हात न धरता. “अगं अक्का, ते भगुणं तर कसलं टोचत व्हतं!” म्हणाली आणि पुन्हा हसली.

मी कढई आदळली. आईनं आत डोकावून फोनवर सांगितलं, “काय न्हाई, पोरगी भांडी घासून राहिली,” आणि दार लोटून पुन्हा अंगणात गेली.

कधी कधी मोठीआई आईला म्हणते, तिला दे की फोन. आई हातात फोन धरून माझ्याकडं बघते. मी मान हलवते, कामात आहे म्हणून सांग म्हणते. त्या दोघींनी आपसात काय मिटवलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. माझ्याशी कुणी काही मिटवलेलं नाही, आणि मला ते मिटवून हवं आहे असंही नाही. लग्नाचा अल्बम मी परवा कपाटातून काढला आणि ज्या फोटोंत मोठीआई माझ्या आईच्या जागी उभी आहे ते सगळे वेगळे केले. ते फाडायचे की तिलाच पोस्टानं पाठवायचे, हे अजून ठरलेलं नाही. बहुतेक पाठवीन.